हरकत शनिवारपर्यंत लेखी द्यावी

मयूर विहार, फेज १, दिल्ली
शनिवार, १६ नोव्हेंबर १९९६, दुपार

ती. विजयाआत्यास,
समर्थचा सप्रेम सलाम.

गेल्या रविवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मी भर उपासनेत बाकावरून उठलो, आणि तेव्हापासून मला धड बसता आलेलं नाही. पण आधी तुमची चौकशी करतो, नाहीतर म्हणाल, तीस वर्षं नर्स राहून मी याला एवढंही शिकवलं नाही. गुडघा कसा आहे? गोळ्या स्वतः घेता की अजून दुसऱ्यांनाच घ्यायला लावता? माझी प्रकृती ठीक आहे (भूक नाही, झोप नाही, उजवा डोळा फडफडतो, एरवी ठीक).

तर उठलो तो असा. आमची मराठी ख्रिस्ती मंडळी नोएडातल्या एका शाळेच्या वर्गात जमते, बाक दुसरीतल्या मुलांचे. पाळकसाहेबांनी लग्नाची सूचना वाचली: वर युवराज, वधू अर्पिता, दुसरी वेळ, कोणाची हरकत असल्यास सांगावी. तुम्हाला ठाऊकच आहे, असं तीन रविवार विचारतात आणि उत्तराची अपेक्षा कोणी करत नाही. पाळकसाहेबही पुढे चहाच्या सूचनेवर पोचले होते. मी म्हणालो, "आहे." नुसतं म्हणालो असतो तर कदाचित निभावलंही असतं, पण गुडघे अडकल्यामुळे माझ्याबरोबर बाकही उठला, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला कुमुदकाकू होत्या.

हा युवराज म्हणजे माझ्याच खोलीत राहणारा. आपल्याच जिल्ह्यातल्या एका मिशन वसतिगृहात वाढला, आता नोएडाला रंगीत टीव्हीच्या कारखान्यात आहे. मी सेकंड इयरला प्रोफेसरांशी भांडून कॉलेज सोडलं (डस्टर फेकला, तो फळ्याला लागला, तरीही), आणि आता नव्या सोसायट्यांतून दारोदार पाण्याचे फिल्टर विकतो. ज्या महिन्यात एकही विकला जात नाही त्या महिन्यात युवराजच मला जेवायला घालतो. (विकला जातो तेव्हाही तोच घालतो.) अर्पिता म्हणजे निवृत्त सुभेदार संपतरावांची मुलगी, संडे स्कूलला शिकवते. मार्चमध्ये ती मला म्हणाली होती, "समर्थ, तुमचा आवाज छान आहे," आणि तेवढ्यावर मी आठ महिने काढले. युवराजला तिच्या घरी पहिल्यांदा नेणारा मीच. एकट्याने जायचं धाडस नव्हतं म्हणून.

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी बाजूला घेऊन विचारलं, "काय हरकत आहे, बाबा?" मी म्हणालो, सविस्तर लिहून देतो. त्यांनी लगेच कोरा कागद काढला. "शनिवारपर्यंत दे. आधी लिही तू कोण, मग वरवधूशी तुझं नातं काय, मग हरकत." आत्या, पाच दिवस मी पहिल्याच ओळीवर अडलो होतो. घरमालकाने खोली देताना विचारलं होतं, "कहाँ के हो?" महाराष्ट्र म्हटल्यावर म्हणाला, "अच्छा, पानिपतवाले." ख्रिस्ती म्हटल्यावर म्हणाला, "तो मद्रासी बोलो ना यार." कॉलेजच्या लेखी मी गैरहजर, बाबांच्या लेखी होऊ घातलेला इंजिनियर, अर्पिताच्या लेखी नुसता आवाज. यातलं कागदावर काय लिहायचं?

आणि युवराज काही बोलेना. त्याने मला चार ठेवून द्याव्यात म्हणून रविवारी मी चष्मा काढून तयार बसलो होतो. त्याने भात टाकला आणि विचारलं, "मीठ बरोबर आहे का?" सोमवारी तेच, मंगळवारी तेच. घास गिळवत नव्हता आणि मीठ रोज बरोबर. गुरुवारी माझं डोकं सटकलं, ताट सरकवून ओरडलो, "अरे, काहीतरी बोल ना."

तो म्हणाला, "तूच बोल. तुला काय कळलंय माझ्याबद्दल?"

मला अर्थच लागेना. तो म्हणाला, "वसतिगृहाच्या वहीत माझ्या बापाच्या नावाच्या जागी रेघ आहे. तू तिकडचाच. काहीतरी ऐकलं असशील, म्हणून उठलास. सुभेदारांनाही तसंच वाटतंय. काल विचारत होते, तुझे आईवडील नक्की कोण." मग कुकर घासता घासता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला शिकवलं होतं, बाप्तिस्म्याला देवाने नाव घेऊन हाक मारली, तू त्याचा झालास, बस. आजवर पुरलं यार. रविवारपासून पुरत नाही."

आत्या, मला आपल्या चार पिढ्यांची नावं पाठ आहेत, त्याला एकही नाही. तरी आम्हा दोघांत आपण कोण हे त्यालाच ठाऊक होतं, आणि ते मी एका शब्दात घालवलं. शेजाऱ्यावर प्रीती करायची हे तुमच्याचकडे शिकलो, पण शेजारी म्हणजे भिंतीपलीकडचा असंच मी धरून चाललो होतो. हा तर भिंतीच्या अलीकडे, माझ्यापासून दोन हातांवर झोपतो. त्याला खरं सांगायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते, "जरा लोणचं दे."

शेवटी आज सकाळी कागद लिहिला. तीनच ओळी झाल्या. मी कोण: समर्थ, युवराजला ज्याने हाक मारली त्यानेच मलाही मारली होती, मी लक्ष दिलं नव्हतं. नातं: वराचा भाऊ. हरकत: वरामध्ये काही खोट नाही, वधू मला आवडते, हे कोणालाच ठाऊक नव्हतं, तिलाही नाही. वाटलं, कागद दिला की सुटलो. पण खालच्या बूथवरून फोन केला तर पाळकसाहेब म्हणतात, संशय चारचौघांत उठवलास, तर चारचौघांतच मिटव. आज चार वाजता सुभेदारांच्या घरी सगळे बसणार आहेत, तिथे उभा राहून वाच. अर्पिताही असेल. (उजवा डोळा होता तोवर बरं होतं, आता दोन्ही फडफडतात.)

बाकी सर्व क्षेम.

तुमचा,
समर्थ

ता. क. बाबांना कॉलेजचं कळवू नका. मीच कळवीन. आज एका दिवसाला एवढंच पुरे.

ता. क. दुसरा. पत्राचं खरं कारण हे. लग्न २८ डिसेंबरला आहे (झालंच तर). वराकडच्या पुढच्या बाकावर बसायला कोणी नाही. म्हणून तिसऱ्या ओळीखाली मी लिहून टाकलं आहे की वरमाई म्हणून आमची विजयाआत्या येणार. तुम्हाला न विचारता. तुम्ही एकदा बाबांना म्हणाला होतात, शेकडो पोरं या हातांनी जगात आणली, पण मला आई म्हणून कोणी कुठे बसवलं नाही. मी दाराआडून ऐकलं होतं. झेलम एक्सप्रेसने या. चिडायचं असेल तर गाडीत चिडा, अख्खा दिवस मिळेल.

ता. क. तिसरा. युवराजला यातलं अजून काहीच ठाऊक नाही. तो कारखान्यातून परस्पर सुभेदारांकडे पोचेल. साडेतीन होत आले, घाईत लिहितो आहे, अक्षर सांभाळून घ्या. आमच्या दाराला ओढलं की आपोआप लागणारं कुलूप आहे आणि किल्ली एकच, ती युवराजकडे. एकदा बाहेर पडलो की परत यायचं ते त्याच्याबरोबरच. पत्र पाकिटात घालतो, आणि दार ओढून घेतो.