सोडून जात नाही

सोमवार, ३ तारीख

धाकटे, आधी घरच्यांची खुशाली. तुझं पित्त कसं आहे? उपाशीपोटी चहा सोडलास, की ‘अर्धाच कप’ म्हणत अजून पातेलं रिकामं करतेस? तुझ्या ह्यांचे गुडघे जिना चढू देतात का? सासूबाईंना ऐकू येतं का, की अजून सोयीचं तेवढंच? थोरल्याचा खोकला, सूनबाईंची कंबर, छोटीचा कान, एकेकाचं वेगळं कळव. ‘सगळे मजेत’ म्हणून एका ओळीत उरकलंस तर कागद परत पाठवीन.

मी ठणठणीत आहे आणि आजपासून नोकरीला लागले आहे. हस खुशाल. गोवऱ्या मसणात गेल्या तरी हिची हौस फिटत नाही, असं तू म्हणणार हे ठाऊक आहे. रोज चार ओळी ह्या वहीत लिहीन आणि आठवड्याला पानं फाडून धाडीन.

नोकरी इस्पितळाच्या तातडीच्या विभागात. तुझे भावजी गेले तोच विभाग. त्यांची छाती दाबत होते आणि मला कागद भरायला खिडकीवर पिटाळलं होतं. परतले तर पडद्यामागे सगळं आटोपलेलं. हात धरायला कुणी नव्हतं, ते अजून मला गिळता येत नाही.

तिथल्या मोठ्या सिस्टरनाही ते गिळता येत नसावं. दोन वर्षं वरच्यांशी भांडून त्यांनी एक निवांत खोली मिळवली. ज्यांना वाचवणं हातात उरलं नाही त्यांना तिथे न्यायचं, दाबादाबी नाही, नळ्या नाहीत. वेदनेचं इंजेक्शन, ओठांना ओला कापूस, जवळ घरचं माणूस. घरचं नसेल तर बसायला कुणीतरी. ते कुणीतरी म्हणजे मी. काय येतं म्हणून विचारलं, तेव्हा मी सांगितलं की शाळा चौथीपर्यंत, पण सासू, सासरे, आत्या आणि आपले बाबा असे चौघं माझ्या हातांत गेलेत, मला बसता येतं. त्या म्हणाल्या, तेवढंच कुणाला येत नाही.

मंगळवार, ४

निवांत खोली म्हणजे पूर्वीची प्लास्टर घालायची खोली. कितीही पुसा, फरशीच्या सांध्यांत पांढरी भुकटी आहेच. एक खाट, नातेवाइकांना बाक, मला लाकडी खुर्ची. ठोके मोजायच्या यंत्राचं तोंड भिंतीकडे, म्हणजे लोक आकड्यांकडे न बघता माणसाकडे बघतात. झाडलोटीच्या मावशींनी मला बजावलंय की आजी, मला साधा ताप आला तरी माझ्या उशाशी खुर्ची ओढायची नाही. मी म्हटलं, तुमच्या उशाशी बसून काय उपयोग, तुम्ही बोलून बोलून यमालाच थकवाल.

अकराच्या सुमारास एका निवृत्त मास्तरांना आणलं. शेजारी आणून सोडून गेले. हृदय थकलेलं, फुप्फुसांत पाणी. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याजवळ खाली बसून सांगितलं, की नळ्या घातल्या तर हालच होतील, तुम्हाला काय हवंय. मास्तर म्हणाले, कुणीतरी असावं. मी हात धरला. मला पुस्तकी बोलणं येत नाही, तोंडात आलं ते बोलले, की मी इथेच आहे, तुम्हाला सोडून जात नाही. त्यांचा श्वास लगेच खाली बसला, रडून दमलेल्या पोरासारखा. सव्वाला गेले.

बोटं सोडवायला जरा ओढावं लागलं. घरी आले तरी उजवं मनगट गारच होतं. तेल चोळलं.

शुक्रवार, ७

आज मन भरून आलं. मालमोटार चालवणारा एक माणूस आणला, अंगाचा चेंदामेंदा. बायको दोन तासांच्या अंतरावर. तो भीतीने खाट हलवत होता. मी माझं वाक्य म्हटलं आणि तो थांबला. खरंच थांबला, धाकटे. बायको आली, तिने त्याच्या केसांतून हात फिरवला, मग गेला. ती माझ्या गळ्यात पडून म्हणाली, माझ्या आधी तुम्ही होतात म्हणून तो होता.

मोठ्या सिस्टरनी माझं वाक्य रंगाऱ्याकडून भिंतीवर लिहून घेतलं. मावशी म्हणाल्या, बघा आजी, चौथी पास आणि भिंतीवर वाक्य.

एकच गोष्ट. संध्याकाळी बसथांब्यापर्यंत गेले आणि पुढे पाऊल पडेना. दुखणं नव्हे. कुणी मनगट धरून मागे ओढावं तसं. दोन बसा गेल्या. परत फिरले तर हात लगेच मोकळा. शेवटी नातेवाइकांच्या बाकावर आडवी झाले. थकवा असेल.

मंगळवार, ११

थकवा नाही. शनिवारी एक आजोबा गेले आणि रविवारी मी फाटकापर्यंतच जाऊ शकले. काल एक बाई गेली, आज फाटकाच्या अलीकडच्या नळापाशी हात ताणला गेला. प्रत्येकाला तेच म्हटलं होतं. प्रत्येकागणिक दोरी आखडतेय.

डॉक्टरीणबाईंनी मनगट तपासलं, शीर दबली असेल म्हणाल्या, आठवडाभर रजा घ्या. रजा घेऊन जाऊ कुठे, फाटक तर ओलांडवत नाही. मोठ्या सिस्टरना मात्र दोरीचं सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला. मग म्हणाल्या, तुम्ही फार मनाला लावून घेता, त्यातूनच हे होतं. त्यांनी मला खोलीतल्या कपाटापाशी गादी घालून दिली आणि घरून डबा आणला. ही पानं आता मावशी टपालात टाकतात.

मी विचार केला. शब्द मी दिला होता. मरणाऱ्याच्या बाजूने बघ ना, त्याने तो खरा धरला यात त्याचं काय चुकलं? मी उठून चहाला जाते ते माझ्या दृष्टीने सगळं संपल्यावर. त्यांच्या दृष्टीने संपलं, असं मला कुणी सांगितलं?

गुरुवार, १३

आज ठरवून ते वाक्य म्हटलं नाही.

कपडे शिवणारी बाई होती, माझ्याच वयाची. बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडलेले. तिने भिंतीवरचं वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मी ओठांना कापूस लावला, उशी सारखी केली, कपाळ पुसलं. तिने विचारलं, तुम्ही जाणार नाही ना. मी कापूस पिळत राहिले. तिने तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारायला श्वास नव्हता, नुसते डोळे. ते तसेच राहिले. मिटवले तरी उघडले.

भावजींच्या पडद्यामागे जे झालं तेच मी आज केलं, आणि मी तर पडद्याच्या आतल्या बाजूला होते.

शुक्रवार, १४

दोघं आले. दोघांनाही म्हटलं. नाही कसं म्हणू.

आता चहाच्या खिडकीपर्यंत.

मंगळवार, १८

दुसऱ्या इस्पितळाचे लोक खोली बघायला आले होते. भिंतीचे फोटो काढले. आजी घरीसुद्धा जात नाहीत, असं कुणीतरी कौतुकाने सांगितलं. प्रत्येक विभागात अशी एक आजी हवी, असं त्यांनी लिहून घेतलं. मी त्यांना थांबवून सांगायला उठले, की वाक्य नेऊ नका, बाकी सगळं न्या. ते बोलत बोलत बाहेरच्या व्हरांड्यात गेले. मी उंबऱ्यापर्यंत. तिथून हाक मारली. त्यांनी हसून हात हलवला.

सिस्टर लोकही आता तेच वाक्य म्हणतात. त्यांना काही होत नाही. कागद वाचल्यासारखं म्हणतात आणि पुढच्या खाटेकडे जातात. मी मनापासून म्हणत होते.

गुरुवार, २०

मावशींना पटलं. त्यांना दिसतं म्हणे, माझ्या मनगटावरची कातडी बोटांच्या आकारात दबते. त्यांनी चाकांच्या खुर्चीत घातलं आणि फाटकाकडे ढकलत नेलं. व्हरांड्याच्या मध्यावर माझा श्वास बंद पडला. डोळे उघडले तेव्हा निवांत खोलीच्या खाटेवर होते आणि डॉक्टरीणबाई विचारत होत्या, ह्यांच्या घरचं कोण आहे.

तुझा पत्ता दिला.

त्यांनी मला परत खुर्चीवर बसवलं, तेव्हा बरं वाटलं. बरं वाटलं याचीच भीती —

शनिवार, २२

खुर्चीवरून उठवत नाही. उजवा हात खाटेच्या कडेवर आहे, खाट रिकामी आहे, तरी उचलत नाही. डाव्या हाताने लिहितेय, अक्षर समजून घे.

दुपारी एक पोरगी आणली. विशीची. गर्दी होती, उचलून खाटेवर घ्यायला माणसं नव्हती, म्हणून तिची चाकांची खाटच समोरच्या भिंतीला लावली. तिने माझ्याकडे हात केला. तीन पावलं. मी ओढलं, सगळा जीव एकवटून ओढलं — मास्तर, मोटारवाला, सगळे — कुणी सोडेना. मी लांबूनच म्हटलं, मी इथेच आहे. ती म्हणाली, इथे नाही, तिथे आहात.

सिस्टर येईपर्यंत —

एकटीच गेली. माझ्यासमोर.

रविवार, २३

सगळे इथेच आहेत. काही मागत नाहीत. नुसते धरून आहेत. त्यांनाही भीती वाटते, अजून. संपल्यावर संपत नाही, धाकटे — मी सगळ्यांना सांगत होते की आता बरं वाटेल —

शिवणारी बाई दारात उभी आहे. तिला धरायला काही दिलं नव्हतं मी.

सोमवार, २४

तुझं पत्र मावशींनी वाचून दाखवलं. एकेकाची खुशाली वेगळी लिहिलीस, छोटीचा कान बरा झाला, ऐकून —

शेवटी लिहिलंस, मी येते, तुझ्याजवळ बसते, तुला सोडून जात नाही.

का लिहिलंस

ते शब्द कानावर पडले आणि माझा डावा हात मिटला. पेन कसंबसं दोन बोटांत आहे. मुठीत कागद नाही, काहीतरी ऊबदार आहे. मनगटाएवढं. नाडी लागतेय.

तुझ्या पित्ताची, गुडघ्यांची, काही खबर नको. एवढंच कळव. तुझा हात गार पडलाय का. घराबाहेर कुठपर्यंत जाता येतं ते पावलं मोजून लिही. लवकर लिही, आजच लिही. मी सोडायला बघतेय, पण माझी बोटं —