दोन अँपिअर जास्त

४ मे

चि. फ्यूज यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. पत्र पाहून दचकू नकोस. इथे फोनला रेंज नाही, आणि फोनवर तू नुसता हं हं करतोस.

तू वायरिंग करून दिलेली आमची राहायची गाडी अजून त्याच मैदानात उभी आहे. बाकीचे गाडीवाले उन्हाला कंटाळून निघून गेले. उरलो मी आणि राखणदार. दुपारी पत्रा भाजतो. एसी लावला की अर्ध्या तासात ब्रेकर पडतो. काल सहा वेळा वर केला. राखणदार म्हणतो, दहा अँपिअरचा काढून वीसचा टाकू, कटकटच नको. टाकू द्यावा का? घरातले फ्यूज उडवून हे नाव मिळवणाऱ्यालाच विचारायची वेळ आली, याचं हसू येतं.

तुझी,
ताई

९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि. वीसचा अजिबात टाकू देऊ नकोस. ब्रेकर एसीला सांभाळत नाही, वायरीला सांभाळतो. भिंतीच्या प्लायच्या आतून मी ओढलेली वायर वीस अँपिअर सोसणार नाही. ब्रेकर पडला नाही, तर ती आतल्या आत जळेल आणि तुला कळेपर्यंत प्लाय पेटलेला असेल.

मी बेरीज केली. मागच्या लाइनीवर एसी साडेसहा, फ्रिज एक, दिवा-पंखा अर्धा. आठच झाले. लगेच पडला असता तर शॉर्ट म्हटलं असतं. अर्ध्या तासाने पडतो, म्हणजे लोड जास्त आहे. ब्रेकरचा डबा उन्हाने तापतो हे धरलं, तरी आणखी दोनेक अँपिअर कुठेतरी जातायत. काय चालू असतं ते नीट आठवून लिही.

लोभ आहेच, सध्या काळजी जास्त आहे.
फ्यूज

१५ मे

चि. फ्यूज यास,
अ. आ. राखणदाराला परत पाठवलं. जरा रुसलाय.

लिहायला लाज वाटते. यांचं ऑक्सिजनचं मशीन चालू असतं. यांना जाऊन सात महिने झाले, नळी मी कधीच गुंडाळून ठेवली. मशीन मात्र लावते. ते भस्स करतं, थांबतं, पुन्हा भस्स. वर्षभर त्या आवाजात मी भाजी चिरली, पेपर वाचला. आवाज चालू असला की वाटतं, हे आत पडलेत, डोळा लागलाय. मला वेड लागलेलं नाही, सगळं कळतं. पण दुपार फार मोठी असते रे. एसी बंद ठेवून मशीन लावलं तर उकाड्याने गरगरतं. परवा दारातल्या पायरीवर मटकन बसले. कोणाला सांगू नकोस.

ताई

१९ मे

ती. ताईस,
सा. न. मशीन बंद कर असं मी लिहिणार नाही. त्याला वेगळी लाइन ओढू, वेगळा ब्रेकर बसवू. मैदानातल्या विजेच्या खांबावरून सोळा अँपिअर येतात, तेवढ्यात दोन्ही चालेल. गुरुवारी सामान घेऊन येतो. तोवर दुपारी फक्त एसी, आणि मशीन चालू असताना गॅस पेटवायचा नाही, ऑक्सिजनने आग भडकते. एवढं धाकट्याचं ऐक.

मागच्या पत्रात मी वायरीची चौकशी केली, तुझी केली नाही. भाऊजींच्या दिवसांनंतर तिकडे फिरकलोही नाही. तुझ्यासमोर बसून काय बोलायचं, ते सुचत नव्हतं. वायरीबद्दल सुचतं. रागावली असशील तर आल्यावर रागाव.

तुझा,
फ्यूज

३० मे

चि. फ्यूज यास,
अ. आ. तू जाऊन चार दिवस झाले. दोन्ही ब्रेकर जागच्या जागी आहेत. दोन दिवसांत तू बोललास थोडं आणि खिळे हरवलेस फार, तरी बरं वाटलं.

काल दुपारी मशीनचा ब्रेकर मी स्वतः खाली केला. गाडी एकदम केवढी मोठी झाली. एसीचा आवाज होता, पण तो कोणाचाच नव्हता. पलंगाच्या यांच्या बाजूला बसून राहिले. तासाभराने पुन्हा वर केला. आज सव्वा तास बसले.

आता तुझी पाळी. पुढचं पत्र काही बिघडलेलं नसताना लिही.

तुझी,
ताई