दादाचा पहिला घोट

ताई,

तू गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. कारखान्यातला बॉयलर बंद पडलाय, मला बोलावलंय. तुझी गाडी सुटायच्या आत येतो.

दूध तापवून ओट्यावर झाकून ठेवलंय. छोटीला तिच्या कपात दे, पण पहिला घोट तिच्या दादाला घेऊ दे. तो "पोळत नाही गं" म्हणाला, की मगच ती कप तोंडाला लावते. तू-मी कितीही शपथा घातल्या तरी उपयोग नाही. तिची आई होती तेव्हा तिचंही ऐकायची नाही. आई हसून म्हणायची, "या घरात साहेब एकच."

वेणीचं मला जमेना, म्हणून छोटीचे केस बारीक कापून आणलेत.

छोटीला वर्षभर तुझ्याकडे नेते म्हणालीस. मला एकट्याला दोघांचं झेपत नाही, हे खरं आहे. काल भाजी करपली आणि दादा ओलाच शर्ट घालून शाळेत गेला, हे तू पाहिलंसच. म्हणून सकाळी उठून तिची बॅग भरली. कपडे, स्वेटर, बाहुली, सगळं मावलं. मग दूध तापत ठेवलं आणि सवयीने दादाला हाक मारायला निघालो.

तुझ्याकडे पहिला घोट कोण घेणार?

जमलं तर तूच चार दिवस जास्त राहा. बॅग रिकामी करून माळ्यावर टाकली आहे. ती खाली काढू नकोस.

बाब्या