मिलमधला माझा फ्लॅट

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज परत आईला तेच सांगितलं – कंपनीनं राहायला फ्लॅट दिलाय, पहिला मजला, हवेशीर. महिना झाला सांगतोय. आता मागं घेता येत नाही.

न सांगून करतो काय? आईची अट आहे. "डोक्यावर धड छप्पर असंल तर कोल्हापुरात राहा. न्हायतर चंदगडला ये, मामाच्या कारखान्यात काजू सोलाय." दोन वर्षांत चार कामं सोडली मी, तिचं चुकत नाही. पण फरशी बसवायचं काम मला आवडलंय. हे पाचवं सोडायचं नाही.

आणि फ्लॅट अगदीच खोटा नाही. जुन्या कापड मिलच्या दगडी भिंती तशाच ठेवून आत फ्लॅट काढतायत. त्यातला एक गिऱ्हाइकाला दाखवायला सजवलाय. सोफा खरा, टीव्ही पुठ्ठ्याचा. त्या सोफ्यापुढं उभा राहून मी आईला व्हिडिओ कॉल करतो. झोपतो मागं, सिमेंटच्या शेडात.

आई फोनवर ओरडूनच बोलते. लग्नाआधी इचलकरंजीत कापडाच्या मागावर कामाला होती, तिथली सवय. मधेच आकाराम आला – माझा जोडीदार, फरशी कापतो. मी फोनचा आवाज बंद केला, त्याला म्हटलं, "शेडात काल डासांनी सोलून काढलं राव." आवाज चालू केला. "रेंज गेलती, आई."

आई हसत होती. "जाऊ दे. रेंजच ती. येती, जाती."

८ नोव्हेंबर

झुंबरबाई मावशी फ्लॅट झाडते. मिल चालू होती तेव्हा इथंच सुताच्या कांड्या भरायला होती. आज ती खाली अंगणात, आम्ही वर बंद काचेमागं. मी आकारामला म्हटलं, "मावशीपरास तिचा झाडू तरणा दिसतोय."

दोन मिनिटांत मावशी झाडू घेऊन वर. "झाडू तरणाच हाय. नेम जुन्या हाताचा हाय. बघायचाय?"

आकारामच्या हातातली फरशी सुटता सुटता राहिली.

मग तिनंच सांगितलं. मागांच्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही. सगळ्या बायका ओठ बघून बोलायच्या. "मुकादमाला त्याच्या तोंडावर शिव्या द्यायचो. नवीन हुता, त्याला वाटायचं गाणं म्हणत्यात."

जाताना वळली. "फ्लॅट हवेशीर हाय न्हवं, सायेब?"

म्हणजे गुरुवारचंही वाचलंय!

११ नोव्हेंबर

"फ्लॅटवाले, पाय उचला. तुमच्याच घरची फरशी पुसतीया." मावशीचं दिवसभर हेच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मेलो. आई रविवारी येणार. "घर बघती आन् दुपारच्या गाडीनं माघारी." मी आवाज बंद करून आकारामला म्हटलं, "शेड दिसली की संपलं. जन्मभर काजू." आवाज चालू केला. "ये की आई. कवापण ये."

मावशीला हात जोडले. तिनं अख्खा जिना झाडून होईपर्यंत ताटकळत ठेवलं. मग म्हणाली, "किल्ली माझ्याकडं हाय. रविवारी अकरापतूर सायेब येत न्हाईत. पण नळाला पाणी न्हाय, तेवढं सांभाळ."

१६ नोव्हेंबर, रविवार

आई नवाला आली. मावशीनं दारातच जयभीम केला. आईनं चप्पल काढली, आत आली. पिशवी काही हातातनं सोडेना.

पुठ्ठ्याच्या टीव्हीवर बोटानं टकटक केलं. फ्रिज उघडला, बंद केला. "जेवतोस कुठं?"

"मेस हाय."

मग भिंतीवरचं घोड्याचं चित्र बघत राहिली. "घरात बाबासायबांचा फोटो न्हाय. घोडं हाय."

"कंपनीचं घोडं हाय, आई. काढू देत न्हाईत."

मावशी भिंतीकडं तोंड करून काच पुसायला लागली. तिथं काच नव्हती.

आई सोफ्यावर बसली नाही. खाली बसली. तळहात फरशीवरनं फिरवला, सांध्यांवरनं नख ओढलं. "ही कुणी बसवली?"

"मी."

"सांधे सरळ हायत."

आज दिवसभरात मी तेवढं एकच खरं बोललो.

मग दोघी पाणी प्यायला म्हणून खाली गेल्या. अर्धा तास. मी गेटवर साहेबाची गाडी येते का बघत उभा. नंतर आईला स्टँडवर सोडलं. राहा म्हणाली नाही, चल म्हणाली नाही. गाडी सुटली.

शेडात आलो तर माझ्या कॉटवर मच्छरदाणी. नवी. चारी दोऱ्या ताणून बांधलेल्या, गाठी बारीक, तांदळाएवढ्या. उशाशी माझा बाबासाहेबांचा फोटो, त्यावरचं सिमेंट पुसलेलं.

१७ नोव्हेंबर

मावशीवर उखडलो. "तूच सांगितलंस."

"मी कशाला सांगू? मच्छरदाणी ती घरनंच घेऊन आलीती. मलाच म्हणाली, शेड कुठंशी हाय, दावा."

"मग तिला कळलं कसं?"

"गाठी बघितल्यास? मागावरच्या बाईची गाठ हाय ती." आणि झाडूवर हनुवटी टेकून माझ्याकडं बघत बसली. "आठवी पास हायस म्हणं. कर इचार."

केला. सांध्यात सिमेंट भरता भरता केला. मग कानशिलं गरम झाली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज शेडातनंच फोन केला. मागं सिमेंटच्या गोण्या, मच्छरदाणी, सगळं दिसू दे.

"कवापासनं, आई?"

"पयल्या फोनापासनं. आवाज बंद करतोस. तोंड कुठं झाकतोस?"

विचारलं, येऊ का राहू? तर आता तिनंच आवाज बंद केला. ओठ हलले. परत हलले. मला एक अक्षर कळेना. फोन तसाच धरून अंगणात पळालो, मावशीपुढं केला.

मावशीनं डोळे बारीक केले.

"सांधे सरळ हायत म्हणती. राहा."