कार्डाच्या पाच झेरॉक्स

आये,

तुला जाऊन बारा वर्सं झाली आनि आज मी तुझ्याशी भांडायला बसलेय. रागानं नाय गो, हसू येतंय म्हनून. चौथीच्या वर शाळा नाय माझी, अक्षरं वाकडी पडतील. पन तुला तरी कुठं वाचता येत होतं? म्हनून बिनघोर लिवते.

तुझी ती तांबडी बकरी आठवते? कुडपणच्या घरात तू रेशनकार्ड भाताच्या कनगीच्या मागं खोचलेलं आनि तिनं ते अर्धं खाल्लं. तू तिच्या तोंडातनं ओढतेस, ती तिकडनं ओढते आनि मी दारात पोट धरून हसतेय. मग तू बकरीला सोडून मलाच धपाटा घातलास. त्या कार्डापायी तू किती वेळा पोलादपूरला उतरलीस. साहेब म्हनायचा, नक्कल आन. नक्कल कुठली आननार, होतं ते बकरीच्या पोटात! तेव्हापासनं तुझं एकच चालू, "गो, कागद एकटा ठेवू नको, त्याला जोडीदार पायजे." मी ते गाठीशी बांधलं. शाळेचा दाखला, लग्नाची पत्रिका, पोरीच्या जन्माचा दाखला, सगळ्याच्या झेरॉक्स पत्र्याच्या पेटीत. आनि बँकेनं पैसे काढायचं कार्ड दिलं तेव्हा त्याच्या पन पाच काढल्या. पुढनं आनि मागनं. त्यावर माझं नाव छापलेलं होतं इंग्रजीत, मला तो मोठा दाखलाच वाटला. ग्यासचा फॉर्म, मोबाईलच्या सिमचा फॉर्म, जिथं म्हनतील ओळखीचा कागद लावा, तिथं मी ऐटीत कार्डाची झेरॉक्स लावली. कोनी नको म्हनालं नाय.

आता त्या दिवसाचं सांगते. तुझे जावई ट्रेलरवर डायव्हर असतात, आज गुजरात तर उद्या मद्रास. मी पोलादपूरला खोली घेऊन राहते, चार वर्सांची पोरगी जवळ, आनि पोटात दुसरं, आठवा सरत आलेला. महाडच्या डॉक्टरीननं सांगितलेलं, "बाळ आडवं आहे, कदाचित ऑपरेशन लागेल, पैसे तयार ठेव." पैसे तयार होते. ह्यांनी सहा महिने पोटाला चिमटा घेऊन बँकेत टाकलेले. सकाळी भाकरी थापतेय तर मोबाईल वाजला. अक्षरं इंग्रजी, पन आकडे मला कळतात. माझ्या खात्यातले चार हजार गेले. मी तर चुलीपाशी बसलेली, हाताला पीठ! तशीच पोरीला धरून यष्टीच्या ष्टांडावर गेले. तिथं एक मावशी फोनचं आनि झेरॉक्सचं दुकान चालवतात. त्यांनी चष्मा लावला, मेसेज वाचला आनि माझ्याकडं वरनं खाली बघितलं.

"अगो, तू विमानाचं तिकीट काढलंस?"

"मावशी, मी आंबेनळी घाटाच्या पलीकडं नाय गेले अजून."

"मग तुझ्या कार्डावर दुसरंच कोणी तरी उडालं. हे इंटरनेटवरनं घेतलंय. आधी बँकेला फोन लाव आणि कार्ड बंद कर. एकदा नेले म्हणजे आणखी नेतील."

मावशींनी फोन लावून दिला, मराठीचं बटन दाबून दिलं. पलीकडं एक पोरगी, आवाज साखरेसारखा. कार्डाचा नंबर विचारला, मी आकडा-आकडा सांगितला. जन्मतारीख विचारली, ती गुरुजींनी लावलेली एक जून सांगितली. मग म्हनते, "मॅडम, आपलं संपूर्ण नाव सांगा."

मी माझं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं.

"आणि मधलं नाव?"

मधलं नाव म्हंजे ह्यांचं. ते मी लग्नात घेतलं, पोरीच्या बारशाला घेतलं, ते पन बायकांनी दार अडवलं तेव्हा. एरवी तोंडातनं काढलं नाय. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे तूच सांगितलेलं. आनि ते ट्रेलरवर, घाटातनं येनार-जानार.

"ते घरी नायत," मी म्हनाले.

"मॅडम, ते कुठे आहेत हे विचारलं नाही. नाव सांगा."

मी फोन मावशींपुढं केला. "मावशी, तुम्ही सांगा ना, पासबुकावर हाय."

पोरगी म्हनते, "नाही मॅडम, खातं ज्यांचं त्यांनीच सांगायचं."

तेवढ्यात हातातला मोबाईल परत वाजला. आनखी दोन हजार! मावशी किंचाळल्या, "अगो बोल! बाळंतपणाचे पैसे चालले आणि तू लाजतेस काय!" दुकानात पाच-सहा मानसं उभी, एक यष्टीचा कंडक्टर पन. मी डोळे मिटले आनि पदर डोक्यावर घेतला. नुसतं नाव तर येईना, म्हनून उखान्यात घातलं:

"आंबेनळीच्या घाटात धुकं पडलं दाट, अमक्यारावांच्या नावाची बँकवाली बघते वाट!"

अमक्याच्या जागी खरं नाव घेतलं गो, खनखनीत. इथं लिवत नाय, तुझी भीड वाटते. दुकानात टाळ्या पडल्या. कंडक्टर म्हनाला, "वहिनी, आता घास पन भरवा!" फोनमधली पोरगी हसत होती, तिला बोलता येईना. "मॅडम, परत एकदा सांगाल? हसण्यात नाव ऐकायचं राहिलं." मी परत घेतलं. दुसऱ्यांदा सोपं गेलं. "मॅडम, कार्ड बंद झालं. बाकीचे पैसे सुखरूप आहेत." मी तिथंच बाकड्यावर बसले आनि रडले, आनि मावशींनी सोडा फोडून दिला, तो पोरीनंच पिला.

दुसऱ्या दिवशी महाडला बँकेत गेले. साहेबबाईंनी विचारलं, "कार्ड कोणाच्या हातात दिलं होतं का?"

"कोनाच्या नाय. पाच झेरॉक्स तेवढ्या दिल्या. पुढनं-मागनं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग समजावलं, मागच्या बाजूला तीन आकडे असतात, ते आनि पुढचा नंबर मिळाला की कार्ड हातात नसलं तरी परदेशातल्या साइटवर ओटीपी न लागता सामान घेता येतं. झेरॉक्स कोनाच्या हाती गेली देवाला ठाऊक. नवीन कार्डाची झेरॉक्स काढायची नाय, नंबर कोनाला वाचून दाखवायचा नाय, दर महिन्याला पासबुक भरून आनायचं, मेसेज आला की तो बघायचाच. पैसे परत मिळन्यासाठी अर्ज लिवून घेतला आनि म्हनतात, "याला ओळखपत्राची झेरॉक्स लावा."

मी बघतच राहिले. बाई हसल्या. "ही चालते. रेशनकार्डाची."

ती माझ्याकडं होती गो! तीन होत्या!

दीड महिन्यानं गेलेले सगळे पैसे खात्यात परत आले. तोवर पोरगं जन्मलं पन होतं. शेवटच्या आठवड्यात आपनच सरळ झालं, ऑपरेशन लागलं नाय. ह्यांचा फोन आला तर म्हनतात, "ष्टांडावर माझं नाव घेतलंस म्हनं?" मी म्हनाले, "बँकेच्या कामासाठी." तर म्हनतात, "मग घे की परत, मी घाट उतरून खाली आलोय." मी फोन ठेवला. मग पोराला पाजताना हळूच घेतलं. काय झालं नाय त्यांना.

परवा नवीन कार्ड आलं. पैसे काढायचे चार आकडे मी स्वतः ठरवले, पोरीला मागं तोंड करून उभी केली आनि मशीनवर दाबले. बाईंनी बजावलंय, हे नवऱ्याला पन सांगायचे नाय आनि कुठं लिवून ठेवायचे नाय. दोन दिवस पोटात ठेवले. तुझ्यापासनं काय लपवायची सवय नाय मला. मगाशी ह्याच पानाच्या मागं लिवले, तुझ्यासाठी. आता हा कागद पेटीत ठेवता येनार नाय. चूल पेटलेली हाय, पोराच्या अंघोळीचं पानी तापतंय.