कर्ज फिटेपर्यंत पाटी नाही

दादा, काल रंगाऱ्याने दारावरची तुमची पाटी उतरवली. खाली दाराचा जुना निळा रंग जसाच्या तसा निघाला. "परत लावायची का?" त्याने विचारलं. मी "सांगते" म्हटलं आणि पाटी टेबलावर आणून ठेवली. शेजारी हा कागद घेऊन बसले आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, त्यामुळे उत्तर येण्याचा धोका नाही. हयात असतानाही तुमचं उत्तर एकच असायचं म्हणा. काहीही मागितलं की "बघू पुढच्या महिन्यात."

ही पाटी तुम्ही घराचा पाया खणायच्या आधीच करून घेतलीत. आणीबाणीच्या आदल्या वर्षी, पोलादपूरच्या एका सुताराकडून, सागाची. त्यावर तुमचं नाव आणि खाली "लिपिक, तहसील कार्यालय". मग ती वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी गेली. महाडला दोन खोल्या उभ्या राहिल्या, आम्ही राहायला आलो, पण दार बोडकंच. "कागद बँकेत हाय तवर घर बँकेचं. कर्ज फिटेपर्यंत पाटी नाय." कर्ज पंधरा वर्षांचं होतं. वीस मार्चला तळ्यावर येणारे गावचे पाहुणे आपल्याकडे उतरायचे, पडवीत ओळीने झोपायचे, आणि तुम्ही त्यांना मोठ्या ऐटीत सांगायचात, "मी हितला राखणदार. मालक बँकेत बसलाय." ते हसायचे. मी नऊ वर्षांची होते, मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. राखणदाराला निदान पगार तरी मिळतो.

पंधरा वर्षं थांबायला तुम्हाला दम निघेना. हप्ता जायचाच, वर जे उरेल तेही बँकेत, आणि उरावं म्हणून आमची ओढाताण. लोक अंथरूण पाहून पाय पसरतात, तुम्ही अंथरूणच गुंडाळून ठेवलंत. बाहेरच्या भिंतीला गिलावा नाही, घरात पंखा नाही, चहात दूध नाही. चौदा एप्रिलला साऱ्या वस्तीत नवे कपडे, आणि आम्ही भाऊबहीण नीळ घातलेल्या जुन्यांत. एसटीचं भाडं वाचावं म्हणून पोलादपूरच्या कचेरीतून घरी येताना तुम्ही हायवेवर उभे राहून ट्रकला हात करायचात. एकदा संध्याकाळी तुम्ही विटांच्या ट्रकमधून उतरलात, शर्टाची पाठ लालभडक, आणि समोर मी आणि माझ्या वर्गातल्या दोघी. तुम्ही मला हाक मारलीत. मी ऐकू न आल्यासारखं केलं. तहसीलदार कचेरीतला माणूस, चार लोक अर्ज लिहून घ्यायला ज्याच्यापुढे हात जोडतात, तो घरी मालासारखा येतो. तेव्हा लाज वाटली होती. आता कीव करावीशी वाटते, पण तीही पुरती होत नाही.

आईचे गुडघे धरायचे. सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात बसून आलं की दोन दिवस तिला बरं जायचं. तुम्ही तिला तिथे न्यायचात, नाही असं नाही, पण चालत. "चालल्यानं गुडघा मोकळा व्हतो," असं वर शास्त्र. गुडघ्याच्या उपचारासाठी बाईला त्याच गुडघ्यांवर कोसभर चालवणारा माणूस मी नंतर कुठे पाहिला नाही. एकदा मीही बरोबर होते, परतताना ती रस्त्याकडेला दगडावर बसली. "वायच थांबा. मी काय पळून नाय चालली," म्हणाली. तुम्ही तिच्याजवळ बसलात आणि कर्जाचे किती महिने कमी झाले ते तिला सांगू लागलात. ती पदराने तोंड पुसत ऐकत होती, मधूनच मान हलवत होती. मला तुमच्यापेक्षा तिचा राग यायचा.

तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. पोलादपूरची ती भाड्याची खोली. मी सहा वर्षांची होते. मालकीणबाई मला बोलावून माझ्या ओंजळीत चुरमुरे घालायच्या. दोन महिन्यांनी कुणीतरी त्यांना आपलं गाव आणि गावातली वस्ती कुठली ते सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी मालक हात जोडून दारात उभे. मुलाचं लग्न ठरलंय, खोली लागेल. तुम्हीही हात जोडलेत. त्या घरात पुढे वर्षभर कुणाचं लग्न झालं नाही. त्याआधीच्या दोन खोल्याही अशाच सुटल्या होत्या, हे आईने मला फार उशिरा सांगितलं. कुणी ऊठ म्हणणार नाही असं दार तुम्हाला हवं होतं, हे मला कळतं. पण घालवणाऱ्यांपुढे तुम्ही एक शब्द काढला नाहीत आणि सगळा बाणा आमच्या चहातल्या दुधावर दाखवलात. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय.

मग माझी बारावी झाली आणि मुंबईच्या एका खाजगी इस्पितळात नर्सिंगला माझा नंबर लागला. पोस्टमनने पत्र बरोबर आणून दिलं, पाटीवाचून त्याचं काही अडलं नाही. अनामत आणि वर्षाची फी पंधरा दिवसांत एकदम भरायची होती. पैसे तुमच्याकडे होते. बँकेचेही तेवढेच राहिले होते, आणि दोन्हीकडे पुरणार नव्हते. ही गोष्ट मी पुढे नवऱ्याला सांगितली, मुलींना सांगितली, कारखान्यातल्या बायकांना तर डबा खाताना कितीदा तरी सांगितली. तिचं शेवटचं वाक्य ठरलेलं होतं. "आणि आमच्या दादांनी ते पैसे उचलले आणि बँकेत नेऊन भरले."

भरलेतच ना. इस्त्रीचा शर्ट घालून गेलात, पाव किलो पेढे घेऊन. मॅनेजर म्हणाले, "अजून सहा वर्षं होती की. आमचं व्याज बुडवलंत." हा विनोद तुम्ही मरेपर्यंत सांगत होतात आणि दर वेळी आधी स्वतःच हसत होतात. घराचा कागद घेऊन आलात, ट्रंक उघडलीत, पाटीला खोबरेल तेल लावलंत आणि खिळे ठोकलेत. "सरळ हाय ना गो?" तुम्ही आईला विचारलंत. "हाय," ती म्हणाली. त्याच आठवड्यात माझ्या पत्राची मुदत संपली. मी एमआयडीसीत औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. ज्या गोळ्या रोग्यांच्या हातावर ठेवायच्या होत्या, त्या मी एकवीस वर्षं खोक्यांत भरल्या. भाऊ तीन वर्षांनी डिप्लोमाला गेला. तेव्हा बँक मध्ये नव्हती, आणि चहातही दूध आलं होतं. तो पुण्याला स्थायिक झाला, आईचं करायला या घरात मी राहिले.

तुमच्या शोकसभेत एकाने उठून सांगितलं की वस्तीत मुदतीच्या आधी घराचं कर्ज फेडणारा पहिला माणूस म्हणजे तुम्ही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी शेजारणीच्या कानात म्हटलं, "कुणाच्या जिवावर, ते विचारा." आई पुढेच बसली होती. तिला ऐकू गेलं. तिने वळून माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा पुढे बघत बसली.

आता इतकं लिहिलंच आहे, तर तेही लिहिते. पत्र आल्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी आई भाकऱ्या थापत होती. तुम्ही चुलीपाशी पाटावर येऊन बसलात आणि मला हाक मारलीत. "बाय, तू सांग. तुजी फी भरू का बँकेचं मिटवू? तू म्हनशील तसं." कधी नव्हे ते तुम्ही मला काही विचारत होतात. आईचा हात परातीत थांबला. त्या पत्राबरोबर यादी होती, दोन पांढरे पोशाख, काळे बूट, पांघरूण, आणि एका खोलीत सहा मुली. त्या सहा जणींत पहिल्या रात्री माझं आडनाव कोण विचारेल आणि विचारल्यावर कोणाची खाट माझ्यापासून लांब सरकेल, हेच चार दिवस माझ्या डोक्यात फिरत होतं. मला भीती वाटत होती, दादा. मी म्हटलं, "बँकेचं मिटवा." तुम्ही पुन्हा विचारलंत. मी पुन्हा तेच म्हटलं.

तेव्हा तुमचा चेहरा असा काही सैल झाला की मी तुम्हाला कधीच माफ केलं नाही. शाळकरी मुलीला असं विचारायचं नसतं. बापाने फी भरायची असते, आणि ती रडली तरी एसटीत बसवून द्यायचं असतं. हे मी आजही म्हणते, तुमच्या तोंडावर म्हणेन. पण तुम्ही विचारलं होतंत. दोनदा विचारलं होतंत. हे ऐकणारी तिसरी एकटी आई होती, आणि ती माझी गोष्ट एकदाही न खोडता गेली.

रंगारी उद्या येईल. हा कागद घडी करून पाटीच्या मागे ठेवीन आणि वरून ती ठोकून घेईन. मुलींना खरं काय ते सांगायला हवं. बघू पुढच्या महिन्यात.