फरहतबीच्या ओट्याची दोरी

प्रति,
मा. अध्यक्ष,
गाव वारसा जतन समिती,
मालेगाव, जि. वाशिम

विषय : राहत्या घराच्या ओट्यावरून ये-जा करू देणेबाबत.
संदर्भ : १) तालुक्याच्या इतिहासावरील नवे पुस्तक, प्रकरण चौथे. २) आपला फलक 'ओट्यावर चढू नये'.

महोदय,

अर्जदार युनूस, धंदा गादीकाम, सविनय कळवितो की, कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या मजुरांना गावात कुणी दारात टेकू देत नव्हते, तेव्हा अर्जदाराची आजी फरहतबी हिने सर्व जातींच्या मजुरांना आपल्या ओट्यावर बसवून एकाच माठातले पाणी पाजले व तिथूनच त्यांचा लढा उभा राहिला, असे सदर पुस्तकात छापून आले. अर्जदाराचा ऊर भरून आला. चूक झाली ती प्रकाशनाच्या दिवशी. शाल-नारळ देऊन आपण माइकवर विचारले, "ओटा जपाल ना?" भरल्या सभेत पाहुण्यांचा मान राखावा म्हणून अर्जदार बोलून गेला, "साहेब, आजपासून तो तुमचाच समजा." आपण तसेच समजलात. दुसऱ्याच दिवशी ओट्याभोवती दोरी बांधली गेली.

घराला दुसरे दार नाही. आपले पहारेकरी देवानंद माणूस भला आहे. म्हणतो, "चाचा, तुमी घरात ऱ्हा नं, कोन नाही म्हनते? पन ओट्यावर पाय नोका ठेवू. मले साहेब बोलते." सबब मागच्या खिडकीचे गज काढून अर्जदाराचे कुटुंब फूलचंद शेठ यांच्या किराणा गोदामातून ये-जा करते. शेठ जैन असल्याने दिवस मावळण्याआधी जेवायला घरी जातात व गोदामाला कुलूप लागते. मग अर्जदार आत तो आतच. समोरच्या मशिदीतून मगरिबची अजान ऐकू येते, नमाजाला जाता येत नाही. गाद्या घरातच भराव्या लागतात, कापूस उडून सगळे खोकतात. पुस्तक वाचून आलेली मंडळी दोरीबाहेरून फोटो काढतात आणि दारातल्या अर्जदाराला बाजूला व्हायला सांगतात.

येत्या रविवारी मुलगी इफ्रा हिचा निकाह असून तिची पाठवणी दिवस मावळल्यावर आहे. शेठ म्हणतात, "युनूसभाई, घोर काहून करता? त्या रोजी मी उपास धरतो, गोदाम खुलं ठेवतो." शेठने उपाशी राहावे आणि नवरीने खिडकीतून मिरचीच्या पोत्यांवर उतरावे, हे अर्जदाराला सोसवत नाही. लाज वाटते, आणि खरे सांगायचे तर रागही येतो.

तरी त्या एका संध्याकाळपुरती दोरी सोडावी. नियमात बसत नसल्यास पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत एवढे वाढवावे की, ज्यांना कुठेच जागा नव्हती त्यांना फरहतबीने ज्या ओट्यावर बसवले, त्या ओट्यावरून तिच्या पणतीला उतरू दिले नाही.

उत्तराची दाराच्या आतून वाट पाहणारा,
युनूस
दि. १४ जानेवारी २०२५

सोबत : निकाहाची पत्रिका. आपण सहकुटुंब यावे. येणे गोदामाच्या बाजूने.